खुराड्याची जाळी आणि आभाळातला उपग्रह

मध्य प्रदेशातल्या सौंसर तालुक्यातल्या लोधीखेड्यात कुठल्याही गल्लीत उभं राहून वर पाहिलं, की टिनाच्या छपरांवर आणि स्लॅबच्या कठड्यांवर बसवलेल्या डीडी फ्री डिशच्या छत्र्या एकाच बाजूला तोंड करून असलेल्या दिसतात. दिशा आग्नेय, पण जरा दक्षिणेकडे झुकलेली. विषुववृत्ताच्या वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावर, सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर जीसॅट-15 हा उपग्रह आहे. सौंसर तालुक्यातून पाहिलं तर तो क्षितिजापासून जवळजवळ 60 अंश वर येतो. त्याच्याकडून येणारा सिग्नल दोन फुटांच्या पत्र्यात गोळा होतो, समोरच्या एलएनबी नावाच्या डबीत शिरतो आणि काळ्या केबलमधून घरात उतरतो. सगळा संच दीड-दोन हजारांत बसतो आणि महिन्याचं भाडं काही नाही.

ही छत्री बसवणं हे दोघांचं काम. वरचा पाना घेऊन बोल्ट अर्धवट सैल करतो, खालचा टीव्हीसमोर बसून सिग्नलची पट्टी बघतो. "आला का बे?" "नाही आला. अजून थोडं डावीकडे." "आता?" "आला, आला! हलवू नको, कस!" या दोघांच्या हाती जी मुभा असते ती साधारण 3 अंशांची, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढी. तेवढ्यात उपग्रह सापडला की काम झालं. त्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. एलएनबी पत्र्याच्या बरोबर मध्यावर नसतो, खालच्या बाजूला काढलेला असतो. त्यामुळे पत्रा उपग्रहाच्या बराच खाली, समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीकडे बघतोय असं वाटतं. लाट मात्र वरून, 60 अंशांवरूनच येत असते. नवखा माणूस डोळ्यांवर विश्वास ठेवून छत्री वर उचलतो आणि सिग्नल घालवून बसतो.

या स्वस्त छत्रीला मोठी वंशावळ आहे, आणि त्या वंशावळीतले महत्त्वाचे पूर्वज आपल्या देशातले, त्यातही बरेच मराठी माणसांच्या हाताखालून गेलेले आहेत. गावात परवडेल अशी अँटेना कशी करायची हा प्रश्न भारतात जितक्या गांभीर्यानं विचारला गेला, तितका फार थोड्या देशांत विचारला गेला असेल. त्याचं उत्तर शोधणाऱ्यांनी अँटेनाचा दर्जा खाली आणला नाही. किती बिनचूकपणा पुरेसा आहे, ते त्यांनी नेमकं मोजलं. माझ्या मते या सगळ्या कथेचा गाभा इथे आहे.

मूळ आकार जुना. शाळेच्या भूमितीतला अन्वस्त: समांतर येणारे किरण एका बिंदूत आणणारी वक्ररेषा. हाइनरिख हर्ट्झनं 1888 मध्ये जर्मनीत जस्ताचा पत्रा अन्वस्ताच्या आकारात वाकवून रेडिओ लहरी एका दिशेला पाठवून दाखवल्या. त्या प्रयोगातली लहर सुमारे 66 सेंटिमीटर लांबीची होती. पुढे 1937 मध्ये अमेरिकेत ग्रोट रेबर या तरुण इंजिनिअरनं स्वतःच्या पैशानं, लाकडी सांगाडा आणि जस्त चढवलेला पत्रा वापरून, घराच्या परसात 9 मीटरहून मोठी डिश उभी केली आणि आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरींचे नकाशे केले. स्वस्त अँटेना करणाऱ्यांच्या परंपरेत रेबरला मानाचं पान द्यायला हवं.

उपग्रहाचं युग आलं तेव्हा मात्र जमिनीवरच्या अँटेना अवाढव्य झाल्या. 1945 मध्ये आर्थर क्लार्कनं स्थिर उपग्रहाची कल्पना मांडली आणि 1960 च्या दशकात ती खरी झाली, पण त्या काळचे उपग्रह दुबळे होते. वर वीज कमी, अँटेना लहान, त्यामुळे जमिनीवर पोचेपर्यंत सिग्नल पार विरून जाई. तो वेचायचा तर खाली मोठं भांडं लागणारच. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी इथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जे विक्रम भूकेंद्र उभं राहिलं, त्याच्या अँटेनाचा व्यास जवळजवळ 30 मीटर होता. भारताचे परदेशी फोन आणि दूरचित्रं इंटेलसॅटच्या उपग्रहामार्फत तिथून जाऊ-येऊ लागली. आकडे बघितले म्हणजे या अँटेनाची अडचण कळते. 4 गिगाहर्ट्झला तिची नजर अवघी अंशाच्या पाचव्या भागाएवढी अरुंद. उपग्रह आपल्या जागी जरासा डुलला तरी तो नजरेबाहेर जाणार. म्हणून एवढं प्रचंड धूड मोटारींनी सतत हलवत उपग्रहाच्या मागे ठेवावं लागे. पोलाद, मोटारी, नियंत्रण आणि चोवीस तास माणसं. देशाला असं एक केंद्र परवडतं. तालुक्याला नाही, आणि गावाचा तर प्रश्नच नाही.

विक्रम साराभाईंना मात्र गावंच हवी होती. 1967 च्या 26 जानेवारीला दिल्लीभोवतीच्या 80 गावांत सामुदायिक टीव्ही संचांवर शेतीचे कार्यक्रम सुरू झाले. त्याच सुमाराला अहमदाबादेत प्रायोगिक भूकेंद्र उभं राहिलं आणि इंजिनिअरांची पहिली पिढी तिथे शिकू लागली. साराभाईंचं गणित असं होतं: शहरांतून मनोरे उभे करत टीव्ही खेड्याकडे न्यायचा तर खेड्यांची पाळी शेवटी येणार. उपग्रहाला मात्र शहर आणि खेडं सारखंच. 18 सप्टेंबर 1969 रोजी भारताचं अणुऊर्जा खातं आणि नासा यांच्यात करार झाला: नासाचा एटीएस-6 हा उपग्रह एक वर्षासाठी भारताकडे वळवायचा, कार्यक्रम भारतानं करायचे आणि जमिनीवरची सगळी यंत्रणाही भारतानंच बनवायची. 30 डिसेंबर 1971 रोजी साराभाई गेले. काम पुढे नेलं ते यशपाल आणि एकनाथ चिटणीस यांनी.

चिटणिसांबद्दल मराठी वाचकाला आणखी माहिती असायला हवी होती. जन्म कोल्हापूरचा, 1925 सालचा. थुंब्याच्या अग्निबाण तळाची जागा निवडण्यापासून साराभाईंच्या सोबत असलेला हा माणूस साइट या नावानं ओळखल्या गेलेल्या उपग्रह शिक्षण प्रयोगाचा व्यवस्थापक होता. 2025 मध्ये शंभरी पूर्ण करून त्यांनी पुण्यात देह ठेवला. पुण्याचे प्रमोद काळे यांनीही साइटवर काम केलं; पुढे इन्सॅट आणि मग तिरुवनंतपुरमचं विक्रम साराभाई अंतराळ केंद्र त्यांनी सांभाळलं. किरण कर्णिक कार्यक्रमांच्या बाजूनं त्यात होते. मराठी बोलणाऱ्यांची ही फळी गावागावांत टीव्ही पोचवत होती, आणि गंमत म्हणजे त्या प्रक्षेपणात मराठी भाषाच नव्हती.

आता त्या अँटेनाकडे येऊ. एटीएस-6 चं वैशिष्ट्य म्हणजे त्यानं आर्वीचं गणित उलटं केलं. उपग्रहावरच 9 मीटर व्यासाची जाळीची अँटेना बसवली होती. उड्डाणाच्या वेळी तिच्या बरगड्या मधल्या कण्याभोवती गुंडाळलेल्या होत्या आणि वर गेल्यावर ती उलगडली. 860 मेगाहर्ट्झवर 80 वॅटचा प्रक्षेपक या अँटेनातून भारतावर रोखला जाणार होता. अवघड आणि महागडा भाग वर गेला, कारण वर तो एकदाच करायचा होता. खाली 2,400 गावं होती. खालच्या संचात शंभर रुपये वाचले तर ते 2,400 वेळा वाचतात, आणि पुढे संख्या लाखांवर गेली तर तितक्याच पटीनं. एकाच खर्चाला वर नेऊन खाली हजारोंचं ओझं कमी करायचं, हा धोरणाचा निर्णय होता, आणि पुढची प्रत्येक तांत्रिक खुबी त्यातून आली.

खालची अँटेना 3 मीटर व्यासाची ठरली. पृष्ठभाग कशाचा करायचा? 860 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर. लहरीच्या दहाव्या भागाहून लहान भोकं असलेली जाळी त्या लहरीला सलग पत्र्यासारखीच वाटते. म्हणजे 3 सेंटिमीटरपर्यंतची भोकं चालली असती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची जाळी कुठल्याही बाजारात मिळत होती आणि तिची भोकं याहून बरीच बारीक होती. ही बाजारी जाळी वाकवलेल्या बरगड्यांवर ताणून बसवली. पृष्ठभागाच्या आकारात लहरीच्या सोळाव्या भागाएवढी, म्हणजे 2 सेंटिमीटरच्या आसपास, चूक झाली तरी फारसं बिघडत नव्हतं. अचूक साच्याची, महागड्या यंत्रांची गरज राहिली नाही. जाळीतून वारा निघून जाई, त्यामुळे पाया आणि खांब हलके ठेवता आले. पाणी साचत नव्हतं. सुटे भाग गावात नेऊन तिथेच जोडता येत होते.

आणखी एक फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो. 3 मीटरच्या या अँटेनाची नजर सुमारे 8 अंशांची होती, म्हणजे आर्वीच्या चाळीस पटींहून रुंद. उपग्रह थोडा इकडेतिकडे झाला तरी सिग्नल तुटत नव्हता. माग ठेवण्याची यंत्रणा नको, मोटार नको. एकदा हातानं रोखून बोल्ट कसले की झालं. लहरी लांब घेतल्यामुळे, उपग्रह सशक्त केल्यामुळे आणि तो आकाशात एका जागी उभा असल्यामुळे हे जमलं. यातलं एकही कारण नसतं तर जाळीची अँटेना प्रयोगशाळेतच राहिली असती.

अँटेनात गोळा झालेला सिग्नल तिथेच बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक पेटीत वाढवून, वारंवारता उतरवून टीव्हीकडे जाई. हे संच हैदराबादच्या ईसीआयएलनं बनवले. टीव्ही बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत ठेवला जाई. 1 ऑगस्ट 1975 रोजी प्रयोग सुरू झाला आणि 31 जुलै 1976 ला संपला. रोज चार तास: सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास सगळ्या गावासाठी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, नाच-गाणी, बातम्या. कार्यक्रमांच्या गुणवत्तेवर पुष्कळ वाद झाले आणि ते रास्तही होते. ऐन आणीबाणीचं वर्ष, टीव्ही सरकारचा. गावाला काय दाखवायचं हे गावाला विचारून ठरत नव्हतं, हा आक्षेप खोडून काढता येणार नाही. पण अँटेनानं आपलं काम चोख केलं.

आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली गावं निवडली होती. कर्नाटकातले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर, म्हणजे महाराष्ट्राच्या सरहद्दीकडचे. तिथे कार्यक्रम कानडीत. मध्य प्रदेशातून रायपूर, दुर्ग, बिलासपूर ही आजच्या छत्तीसगडची बाजू निवडली गेली. सौंसर ज्यात होतं तो छिंदवाडा जिल्हा त्यात नव्हता. एटीएस-6 चा झोत मात्र मध्य भारतावरच पसरलेला होता. तेव्हाच्या सौंसर तहसिलीच्या शिवारावर, कपाशीवर आणि संत्र्याच्या बागांवर त्या वर्षभर रोज चार तास सिग्नल पडत होता. पश्चिमेकडे, किंचित नैर्ऋत्येला, क्षितिजापासून 35 अंशांवर जाळीचं तोंड केलं असतं तर लोधीखेड्यातही चित्र आलं असतं. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत पितळेच्या आणि तांब्याच्या भांड्यांसाठी नोंद असलेलं हे गाव. धातूला ठोकून हवा तसा खोलगट बाक देणारे हात इथे होते. त्यांच्या ओट्यापाशी हा आराखडा त्या वर्षी कुणी आणून ठेवला असता, तर काय झालं असतं, याचा विचार मनात येतोच.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर इंग्लंडचं उदाहरण बघा. शेफील्डमध्ये स्टीव्हन बर्किल नावाच्या इंजिनिअरनं घरी बनवलेल्या अँटेनानं भारतासाठी चाललेलं हेच प्रक्षेपण पकडलं. झोताच्या पार कडेवर, हजारो किलोमीटर लांब! घरगुती डिशच्या जागतिक इतिहासात बर्किलचं नाव सुरुवातीच्या पानावर येतं. अमेरिकेत टेलर हॉवर्डनं 1976 मध्ये स्वतःच्या घरी डिश उभारली ती त्याच सुमारास. कोलंबोत राहणाऱ्या आर्थर क्लार्कच्या घरी तर भारतीय इंजिनिअरांनीच संच बसवून दिला. गच्चीवर डिश लावायच्या हौसेची सुरुवात सांगताना अमेरिकेचं नाव घेतलं जातं, पण बर्किलनं जे पकडलं ते आपल्या खेड्यांसाठी चाललेलं प्रक्षेपण होतं.

1976 च्या ऑगस्टमध्ये उपग्रह परत अमेरिकेकडे गेला. रायपूर, गुलबर्गा, जयपूर, हैदराबाद, मुझफ्फरपूर, संबळपूर इथे जमिनीवरचे प्रक्षेपक बसवून काही गावांचा टीव्ही चालू ठेवला, बाकीच्यांचा पडदा बंद झाला. मग आली इन्सॅट मालिका. 1982 चा पहिला उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. 30 ऑगस्ट 1983 ला गेलेला इन्सॅट-1बी टिकला. गावच्या संचांसाठी त्यावर 2.5 गिगाहर्ट्झची पट्टी होती. लहर आता 12 सेंटिमीटरची. जाळीची अँटेना चालू राहिली, फक्त ती 12 फुटांची झाली आणि आकाराची चूक सात-आठ मिलिमीटरच्या आत ठेवावी लागली. या खेपेला निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि त्यातला भाग होता नागपूरकडचा. लोधीखेड्यापासून साठेक किलोमीटरवर, सरहद्दीच्या पलीकडे, गावातल्या संचांवर मराठी बोलू लागली. सरहद्दीच्या अलीकडे मात्र नागपूरचं जमिनीवरचं प्रक्षेपण उंच बांबूवर बांधलेल्या यागी अँटेनानं पकडायची धडपड चालू राहिली.

सामुदायिक संचांचं पुढे फारसं बरं झालं नाही. साइटच्या वर्षात दुरुस्तीसाठी गाड्या आणि माणसं सज्ज ठेवलेली होती. ती साखळी ढिली पडली की एका तुटलेल्या केबलपायी संच महिनोन् महिने मुका राहतो. स्वस्त वस्तूच्या किमतीत दुरुस्ती करणारा माणूसही धरायचा असतो. हे गणित साइटच्या लोकांनी केलं होतं, नंतरच्यांनी तितकं मनापासून केलं नाही.

जाळीचा विचार दरम्यान दुसऱ्याच वाटेनं निघाला होता. गोविंद स्वरूप हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पॉट्स हिलला सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या 6 फुटी डिश मोडीत निघणार होत्या. स्वरूपांनी त्या 32 डिश भारतासाठी मागून घेतल्या आणि 1965 मध्ये मुंबईजवळ कल्याणला त्यांची दुर्बीण उभी केली. पाच वर्षांनी उटीजवळ डोंगराच्या उतारावर 530 मीटर लांबीची दुर्बीण बांधली, तिचा परावर्तक पोलादाच्या 1,100 बारीक तारांचा. आणि मग जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही दुर्बीण, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. आर्वीचं भूकेंद्र याच परिसरात. आर्वीची डिश भरभक्कम, खोडदच्या तिच्याहून दीडपट रुंद आणि तरी एवढ्या विरळ, की ढगाळ दिवशी दुरून पाहिलं तर आरपार आभाळ दिसतं.

खोडदची युक्ती जवळून बघण्यासारखी आहे. मोठ्या डिशचा खर्च असतो पाठीमागच्या सांगाड्यात, कारण पृष्ठभाग वाकता कामा नये. स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी नळ्यांच्या 16 अन्वस्त चौकटी घेतल्या आणि त्यांच्यामध्ये बारीक पोलादी दोर ताणून बांधले. त्या दोरांना जाळी जोडली. जाळीची तार फक्त 0.55 मिलिमीटर जाडीची. भोकं मध्यभागी 10 मिलिमीटरची, कडेला गेल्यावर 20 मिलिमीटरची, कारण कडेच्या भागाचा सिग्नलमधला वाटा कमी. तिथे बारीक जाळी लावून वजन कशाला वाढवायचं? ताणलेले दोर स्वतःच पृष्ठभागाला आकार देतात, वारा जाळीतून निघून जातो आणि सगळी डिश इतकी हलकी होते की फिरवायच्या मोटारीही लहान पुरतात. सर्वांत आखूड लहर 21 सेंटिमीटरची घ्यायची असं आधी ठरवलं होतं. त्याहून आखूड लहरीचा मोह सोडला म्हणून हे परवडलं. साइटच्या इंजिनिअरांनी केलेला हिशेबच इथे फार मोठ्या मापावर केलेला आहे.

या जाळीनं अंतराळयानाचा आवाजही ऐकलेला आहे. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण प्रक्षेपक 400 मेगाहर्ट्झच्या आसपास, तोही मंगळाभोवतीच्या जोडीदार यानासाठी, पृथ्वीसाठी नव्हेच. जवळजवळ साडेसतरा कोटी किलोमीटरवरून तो खोडदला पकडला गेला. वातावरणात शिरणं, पॅराशूट उघडणं असे टप्पे त्या सिग्नलमध्ये दिसले आणि जमिनीला टेकण्याआधीच तो बंद पडला. यान आदळलं होतं. काहीतरी बिनसलं याची पहिली शंका ज्या सिग्नलवरून आली तो जुन्नर तालुक्यात उतरला होता.

1990 च्या दशकाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना आठवतं. एशियासॅट-1 वरून स्टारच्या वाहिन्या आणि 2 ऑक्टोबर 1992 पासून झी. केबलवाल्याच्या गच्चीवर बारा-पंधरा फुटी ॲल्युमिनियमच्या जाळीची छत्री आली. तिच्या पाकळ्या वेगळ्या येत आणि बोल्टनं जोडल्या जात. लहर साडेसात सेंटिमीटरची, नजर दीड अंशाची, तेव्हा रोखायला सराव लागायचा. हा सराव गावोगावच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पोरांनी कुठलंही पुस्तक न वाचता कमावला. एका डिशवर शंभर घरं जोडली जात. सामुदायिक टीव्हीचा जो खर्च सरकारला पेलला नाही, तो महिन्याच्या वर्गणीवर केबलवाल्यानं पेलला.

16 डिसेंबर 2004 रोजी दूरदर्शननं डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं, तेच आजचं फ्री डिश. लहर अडीच सेंटिमीटरवर आली. आता जाळीची भोकं अडीच मिलिमीटरच्या आत ठेवावी लागली असती, आणि इतकी बारीक जाळी ताणून अचूक बसवण्यापेक्षा साच्यात दाबलेला पत्रा स्वस्त पडतो. जाळी गेली ती एवढ्यासाठी. आखूड लहरीमुळे लहान पत्र्याचीही नजर पुरेशी अरुंद झाली: 60 सेंटिमीटरच्या छत्रीचा लाभ, म्हणजे एका दिशेला एकवटण्याची क्षमता, साइटच्या 3 मीटर अँटेनाच्या कितीतरी पट. त्यातून उपग्रह सशक्त आणि सिग्नल डिजिटल. पावसाळ्यात मात्र ही आखूड लहर थेंबांत अडकते. श्रावणात झड लागली की लोधीखेड्यातलं चित्र आधी चौकोन-चौकोन होतं आणि मग जातं. खुराड्याच्या जाळीला पावसाचा असा त्रास नव्हता.

आतापर्यंतची सगळी स्वस्ताई उपग्रह एका जागी उभा असण्यावर टिकलेली होती. पृथ्वीजवळून फिरणाऱ्या उपग्रहांची गोष्ट निराळी. स्टारलिंकचे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरवरून काही मिनिटांत आकाश ओलांडून जातात. त्यांच्यासाठी खालच्या सपाट पेटीत शेकडो चिमुकल्या अँटेना असतात आणि त्या न हलता, फक्त विजेच्या खेळानं आपली नजर फिरवतात. ही पेटी अजून गावाला परवडण्याजोगी नाही. ती स्वस्त कोण करणार आणि कशी, हा आजचा खरा अभियांत्रिकी प्रश्न आहे, आणि तो साइटच्या वेळी होता तितकाच आपला आहे.

विद्यार्थ्यांनी मात्र फिरत्या उपग्रहांसाठी साधा मार्ग काढलेला आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलांनी बनवलेला स्वयम् 22 जून 2016 ला गेला, वजन एक किलोच्या आत. मुंबईच्या आयआयटीचा प्रथम 26 सप्टेंबर 2016 ला. प्रथमच्या योजनेत उपग्रहाइतकंच महत्त्व जमिनीवरच्या अँटेनांना होतं: देशातल्या इतर महाविद्यालयांतल्या मुलांनी स्वतः भूकेंद्र बांधायचं, प्रथमचा सिग्नल घ्यायचा आणि वातावरणातल्या इलेक्ट्रॉनांचं मोजमाप करायचं. त्यासाठी आयआयटीच्या मुलांनी त्यांना अँटेना बांधायला शिकवलं.

सौंसरच्या किंवा पांढुर्ण्याच्या कुठल्याही महाविद्यालयाच्या गच्चीवर आज हे करता येईल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 145.8 मेगाहर्ट्झवर अधूनमधून आवाज आणि चित्रं पाठवतं. लहर दोन मीटरची. ॲल्युमिनियमच्या अर्ध्या अर्ध्या मीटरच्या दोन सळया घ्यायच्या, मधे 120 अंशांचा कोन ठेवून त्या प्लास्टिकच्या तुकड्यावर आडव्या बसवायच्या, सांध्यातून को-ॲक्स केबल काढायची आणि लॅपटॉपला लावायच्या स्वस्त रिसीव्हरमध्ये खोचायची. या अँटेनाची नजर जवळजवळ सगळं आभाळ व्यापते, त्यामुळे ती रोखावी लागत नाही. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं घेतं.